बोटीच्या मशीनचं कूलंट : निघालं तेवढं परत गेलं का?

जूनमध्ये बोट वर ओढून झापांनी शाकारली की मी पहिलं काम कूलंटचं, म्हणजे मशीन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, काढतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि हे काम घाईत केलं तर हमखास बिघडतं.

मशीन रात्रभर गार होऊ द्या. गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलंत तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येईल. सकाळी आधी झाकण काढा, मग खालचे कॉक उघडा. आमच्या मशीनला दोन आहेत, एक ब्लॉकला (मशीनचं मुख्य धड) आणि एक कूलरला (इथे खाऱ्या पाण्याने कूलंट गार होतं). ब्लॉकच्या कॉकमधून धार आली नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं धरू नका. गाळाने तोंड बुजतं, तारेने टोचून मोकळं करा.

निघालेलं सगळं कॅनमध्ये धरून मोजा. आमचं २२ लिटर भरतं. बोटीच्या तळात सोडू नका, पंपाबरोबर ते खाडीत जातं. शिवाय ते विषारी आणि चवीला गोड, बंदरावरची कुत्री-मांजरं चाटतात. रंग तपकिरी असेल तर आत गंज आहे. तेलाचा तवंग दिसला तर तिथेच थांबा आणि आधी मिस्त्रीला दाखवा.

मग गोडं पाणी भरून मशीन चालवायचं आणि तेही पूर्ण काढायचं. पण बोट जमिनीवर आहे हे विसरू नका. खाऱ्या पाण्याचा पंप सुका फिरला की रबरी इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) बघता बघता जळतो. त्याचा ओढायचा पाइप पाण्याने भरलेल्या पिंपात सोडा आणि पिंप भरत राहा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडप, उघडेपर्यंत चालवा, त्याआधी पाणी कूलरमधून फिरतच नाही. कूलरमधला जस्ताचा तुकडा (कूलरऐवजी तो झिजतो) अर्धा झिजला असेल तर आत्ताच बदला.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. गंज लागू नये, लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, खड्डे पडू नयेत आणि पाणी उशिरा उकळावं म्हणून. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, बाहेरच बादलीत मिसळून घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते नको. रंग सारखा दिसला म्हणून दोन जातींची कूलंट एकत्र करू नका, डब्यावरचं वाचा.

आता खरं काम. एका वर्षी २२ लिटर काढलं, १८ गेलं आणि टाकी काठोकाठ दिसली. मी झाकण लावलं. सुवर्णदुर्गाच्या बाहेर गेल्यावर मशीनचा आवाज बदलला, तापमानाचा काटा मात्र ७० वरच. आत हवा अडकली होती, सेन्सर त्या हवेत होता. मशीन तापून हेड (ब्लॉकवरचं झाकण) वाकलं, चुलतभावाने दोर टाकून बोट ओढून आणली.

म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावरचा हवेचा स्क्रू सैल करून बारीक धारेने भरा. बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळा. झाकण उघडं ठेवून मशीन हळू चालवा, रबरी नळ्या दाबत राहा. पातळी खाली बसते, तसतसं भरा. पुन्हा गार करा, पुन्हा बघा. लिटरचा हिशोब जुळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. ऑगस्टच्या पहिल्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी एकदा तपासा.

केबिनच्या दाराला आतून मी दरवर्षी तारीख, कूलंटचं नाव आणि दोन आकडे रंगवतो : निघालं किती, गेलं किती. यंदाच्या ओळीत २२ आणि २२ आहे.