हलता आरसा आणि प्रकाश एंटँगल कसे करायचे

एंटँगल म्हणजे दोघांना असं जोडायचं की एकाची अवस्था दुसऱ्याला सोडून सांगताच येत नाही. घरी नाही जमणार, आधीच सांगतो. २०१३ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या जिला (JILA) या संशोधन संस्थेत जमलेली रेसिपी घ्या, तिथे आरसा म्हणजे १५ मायक्रॉनचा ॲल्युमिनियमचा ड्रम आणि प्रकाश म्हणजे मायक्रोवेव्ह. ड्रम ॲब्सोल्यूट झिरोजवळ, म्हणजे सगळ्यात कमी तापमानाजवळ नेला तरी बेटा थरथरतोच, म्हणून कॅव्हिटीच्या, म्हणजे ड्रमला जोडलेल्या, मायक्रोवेव्ह घुमवणाऱ्या सर्किटच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा जरा कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल मारून उरलेली थरथर पण जमेल तितकी काढून घ्या. मग जरा जास्त फ्रिक्वेन्सीचा छोटा पल्स सोडा, जरा म्हणजे बरोब्बर ड्रमच्या कंपनाइतकी, की फोटॉन (प्रकाशाचा कण) आणि फोनॉन (कंपनाचा कण) जोडीनेच जन्मतात, जुळ्यांसारखे. बाहेर आलेला सिग्नल मोजा, लगेच कमी फ्रिक्वेन्सीच्या पल्सने ड्रमची अवस्था बाहेर खेचा आणि दोन्ही रेकॉर्ड ताडून बघा. एकदा करून काही कळत नाही हां, पुन्हा पुन्हा करत बसावं लागतं.