डोमेन ट्रान्सफर अडतो कुठे? या चुका टाळा

डोमेन (वेबसाइटचा पत्ता) एका रजिस्ट्रारकडून, म्हणजे त्याची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे नेताना अनलॉक केलं, ऑथ कोड (ट्रान्सफरचा गुप्त कोड) दिला, तरी ट्रान्सफर नाकारला गेला, अशी तक्रार असेल तर आधी डोमेनची स्थिती पाहा. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसाठी ती आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअप पानावर दिसते. तिथे 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असेल तर लॉक रजिस्ट्रारने लावलेला आहे आणि बहुतेकदा तो तुमच्या खात्यातूनच काढता येतो. सुरुवात 'सर्व्हर' या शब्दाने होत असेल तर लॉक रजिस्ट्रीचा, म्हणजे डॉट कॉमसारख्या शेवटाच्या सगळ्या डोमेन्सची मूळ नोंद सांभाळणाऱ्या संस्थेचा आहे. पॅनलमध्ये कितीही खटपट केली तरी तो निघणार नाही. रजिस्ट्रारला लिहून कारण विचारा.

सगळ्यात महागात पडते ती नाव बदलण्याची घाई. आपल्याकडे कितीतरी दुकानांची, क्लासेसची, संस्थांची डोमेन्स वेबसाइट बनवून देणाऱ्याच्याच नावावर असतात. हे लक्षात आलं की मालक आधी नाव आणि ईमेल आपला करून घेतो आणि मग ट्रान्सफर मागतो. इथेच गाडी अडते. आयकॅनच्या डिसेंबर 2016 पासूनच्या नियमानुसार नोंदीतलं मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की 60 दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही. काही रजिस्ट्रार या लॉकमधून सूट देतात, पण ती बदल करण्याआधीच मागावी लागते. म्हणून वेबसाइटवाल्याशी संबंध चांगले असतील तर त्याच्याकडून कोड घ्या, डोमेन थेट तुमच्या नव्या खात्यात आणा, नावाचं नंतर बघा. मात्र नोंदणी किंवा आधीचा ट्रान्सफर होऊन 60 दिवस झालेले असावेत.

ऑथ कोड मागितल्यापासून 5 दिवसांत देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा चिकटली तरी कोड चुकीचा ठरू शकतो. आणि हा कोड म्हणजे डोमेनची चावीच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

वेबसाइट आणि मेल जुन्या रजिस्ट्रारच्या नेमसर्व्हरवर (डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारा सर्व्हर) चालत असतील तर जास्त जपा. डोमेन गेल्यावर जुना रजिस्ट्रार ही सेवा बंद करू शकतो, आणि मग साइटबरोबर ऑफिसचे मेलही थांबतात. एमएक्स (मेल कुठे जावा ते सांगणारी नोंद), टीएक्सटी (पडताळणीसारख्या कामांची मजकूर-नोंद) असे सगळे रेकॉर्ड नव्या जागी आधी उतरवून घ्या, नेमसर्व्हर बदला, एक-दोन दिवस पाहा, मगच ट्रान्सफर सुरू करा. डीएनएसएसईसी (नेमसर्व्हरची उत्तरं खरी असल्याची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी बंद करा.

मुदत संपत आली असताना हे काम काढू नका. जुन्या रजिस्ट्रारने मंजुरी दिली नाही तर 5 दिवस वाट पाहावी लागते, आणि डोमेन रिडेम्प्शनमध्ये (मुदत संपून रद्द झालेलं डोमेन परत मिळवण्याचा काळ) गेलं तर आधी ते जादा पैसे भरून सोडवावं लागतं. डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये मुदत एक वर्षाने वाढतेच, त्यामुळे महिनाभर आधी सुरुवात करण्यात तोटा नाही.

नव्या खात्यात डोमेन दिसलं की लॉक पुन्हा लावा. तो आपोआप लागला असेल असं धरून चालू नका. स्थिती उघडून खात्री करा.