घरात दणदणीत आवाज हवाय? आधी स्पीकरची पेटी ठरवा

स्पीकर बनवून घेताना "किती वॉटचा घेऊ?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक ताकदीत मिळणारा आवाज, किती? एका वॉटला, एका मीटरवर 87 डेसिबल देणारा स्पीकर 97 वाल्याच्या बरोबरीला आणायचा तर अँप्लिफायर दहापट ताकदीचा लागतो. म्हणून मी नाजूक हाय-फाय वूफर सोडून 12 किंवा 15 इंची पीए (सभा-कार्यक्रमांच्या स्पीकरचा) ड्रायव्हरच, म्हणजे आवाज काढणारा भाग, घेतो.

आता पेटी. बंद पेटी करायला सोपी, बास आटोपशीर, पण अगदी खालच्या सुरांत दम कमी. पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी नळी किंवा भोक असलेली, पेटी त्याच ड्रायव्हरकडून जास्त बास काढते. मात्र पोर्ट ज्या सुराला जुळवलाय त्या ट्यूनिंगच्या खाली कोनला, म्हणजे ड्रायव्हरच्या पडद्याला, हवेचा लगाम उरत नाही, तो वाट्टेल तसा उसळतो. पेटी 40 हर्ट्झला ट्यून केली असेल तर 35 च्या आसपास, त्याखालचे सूर अडवणारा हाय-पास फिल्टर लावाच. पोर्टही ऐसपैस ठेवा, नाहीतर हवा फुरफुरते.

तिसरा प्रकार हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखी पसरत जाणारी पेटी. ती सगळ्यांत जोरकस. अमेरिकी स्पीकर-अभियंते पॉल क्लिप्श यांनी तर 1940 च्या दशकात खोलीचा कोपराच हॉर्नला जोडून घेतला! पण बासचा हॉर्न म्हणजे कपाट. वन बीएचकेत ठेवणार कुठे?

माझा कौल पोर्टवाल्या पेटीला, वर चढ्या सुरांसाठी कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणि छोटा हॉर्न. ड्रायव्हरचा क्यूटीएस (कोनचं हलणं किती आवरलं जातं याचा आकडा) 0.5 च्या पुढे असेल तर मात्र बंद पेटीच बरी. डेटाशीटमधले एफएस (ड्रायव्हरची नैसर्गिक कंपनसंख्या), क्यूटीएस, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा) हे आकडे 'विनआयएसडी' या पेटी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा, माप काढा, मगच सुताराला 18 मिमी प्लाय कापायला सांगा. आतून आडव्या पट्ट्या मारायला तो कुरकुरेल. मारून घ्या.