बिलिंग ॲप ड्राइव्हला जोडेना, 'एरर ४०० : ॲडमिन_पॉलिसी_एन्फोर्स्ड' : माझा अनुभव

लातूरच्या एका आडत दुकानात गूगल वर्कस्पेस (संस्थांसाठीची गूगलची मेल-ड्राइव्ह सेवा) आहे. बिलिंग ॲपमधून शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या पावत्या) ड्राइव्हवर जाईनात. साइन-इन केलं की वरचा एरर. कॅशे साफ केला, ब्राउझर बदलला, ॲप पुन्हा टाकलं. सोयाबीनच्या ऐन आवकेत हे फार जाचलं. अडवणूक संस्थेच्या धोरणाची असते, म्हणून मोबाइल-ब्राउझरवर काही करून उपयोग नाही.

आधी एरर आलेल्या पानाच्या ॲड्रेसमधून क्लायंट आयडी (गूगलकडे ॲपची असलेली ओळख) कॉपी करा. ॲपच्या नावाने शोधू नका, सारख्या नावाची ॲप निघतात. मग सुपर ॲडमिन खात्याने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) ॲडमिन कन्सोल, म्हणजे वर्कस्पेसच्या सेटिंगचं पान, उघडा: सिक्युरिटी, ॲक्सेस अँड डेटा कंट्रोल, एपीआय कंट्रोल्स, मॅनेज ॲप ॲक्सेस. तिथे नवीन ॲप कॉन्फिगर करा, आयडी टाका, फक्त हिशोबाचं ऑर्ग युनिट (वापरकर्त्यांचा गट) निवडा.

आता परवानगी. ॲडमिनने ड्राइव्ह 'रिस्ट्रिक्टेड' (मर्यादित सेवा) ठेवलं असेल तर ॲपला 'लिमिटेड' परवानगी देऊन चालत नाही, ती फक्त अशा मर्यादा नसलेल्या सेवांसाठी असते. 'ट्रस्टेड' दिलं तर ॲप जीमेलसकट सगळं मागू शकतं. ते देऊच नका. 'स्पेसिफिक गूगल डेटा' निवडून ड्राइव्हचा लागेल तेवढाच स्कोप (परवानगीची व्याप्ती) द्या.

बदल लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. त्यानंतर पुन्हा साइन-इन करा.