नोकरीची लाइन बदलताय? त्या लाइनीतल्या माणसांना भेटायला जाण्याआधीची तयारी

बायोडाटा, इस्त्रीचे कपडे, वेळेवर पोचणं, हे सांगायला नको. आधार कार्ड तेवढं खिशात असू द्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या बऱ्याच कंपन्यांत ते गेटवरच मागतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात.

लातूर-नांदेडला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवून कंटाळलेले आणि औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासतात तिथे, जाऊ पाहणारे बरेच आहेत, म्हणून उदाहरण तेच घेतो. पतसंस्था सोडून कारखान्याच्या अकाउंट्सला जाणाऱ्यालाही हेच लागू पडतं.

जाण्याआधी काय विचारायचं ते वहीत लिहून काढा. "काही असेल तर बघा ना सर" एवढंच म्हणायचं असेल तर गाडीभाडं वाचवा. त्यावर "बायोडाटा पाठवून द्या" हेच उत्तर येतं आणि विषय संपतो. समोरच्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा नोकरी नसते, माहिती असते. ती मागा. दिवस कसा जातो, रात्रपाळी किती लागते, नवीन माणसाला पहिले काही महिने कशावर बसवतात, पस्तिशीतल्याला घेतात का.

आणि उठायच्या आधी विचारा: "अजून कोणाला भेटू? तुमचं नाव सांगून फोन केला तर चालेल का?" मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. भेटी चांगल्या झाल्या, चहा झाला, पण पुढे कोणाकडे जायचं तेच हातात नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

कोणाला गाठायचं? आधी लांबच्या ओळखी काढा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात एमएस्सीला बरोबर असलेला, आता फक्त दिवाळीला मेसेज करणारा सोबती. वहिनीचा मावसभाऊ. मसिआ, सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनांचे कार्यक्रम असतात, तिथे येणारे लोक. रोजचे मित्र तुमच्याच क्लासमधले, त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं. तो अभ्यास १९७३ साली छापून आला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी ज्याच्याकडून खबर लागली त्याला वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकीचे कधीमधी किंवा क्वचित भेटणारे. आपल्याकडे तर लग्नाच्या पंगतीत शेजारचा "कुठले म्हणायचे तुम्ही?" इथूनच सुरू करतो. उत्तर देताना गावाबरोबर आपण काय शोधतोय तेही सांगून टाका.

फोनवर का भागत नाही, तर माणूस फोनवर जपून बोलतो. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना क्यूसीतला माणूस सहज सांगून जातो की लॉगबुकात नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही, खोडून काळं करायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. तो हवेत बोटाने रेघ मारूनही दाखवतो. फळ्यावर पुसून पुन्हा लिहायची सवय असलेल्या मास्तराला हे आधी कळलेलं बरं, कारण ऑडिटर तीच पानं उलटून पाहतात. मुलाखतीत हे सांगता आलं तर समोरच्याला कळतं की हा माणूस विचारपूस करून आलाय. नोकरीच्या जाहिरातीत ही ओळ नसते.

वेळ बघून जा. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कोणी मान वर करत नाही. शिफ्ट बदलताना गेटवर गर्दी असते. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका, आदल्या दिवशी विचारा. लातूर-नांदेडहून येणाऱ्यांनी मुक्कामाचीच तयारी ठेवा. एका दिवसात जाऊन येऊ म्हणाल तर बोलायला उसंत राहत नाही, मग घाईघाईत उठताना नेमका तो प्रश्न राहतो. पुढचं नाव! चप्पल घालताना आठवलं तरी मागे फिरा आणि विचारा.

नाव मिळालं की परवानगीही घ्या. न विचारता कोणाचं नाव वापरलं आणि त्याला ते मागाहून कळलं, तर तुमच्यासोबत त्या दोघांचेही संबंध बिघडतात. एमआयडीसी मोठी दिसते, पण लोक एकमेकांना ओळखतात.

सोबत पेढ्यांचा मोठा डबा नको, माणूस अवघडतो. चहाचे पैसे तुम्ही द्या.

संध्याकाळी वहीत कोण, काय बोललं, पुढचं नाव कोणतं ते लिहा. त्याच रात्री दोन ओळींचा मेसेज, खाली बायोडाटा चिकटवू नका. आठवड्याच्या आत पुढच्याला फोन, आणि ज्याने नाव दिलं त्याला "भेटून आलो" एवढं कळवणं. पगाराचा विषय दुसऱ्या भेटीत. त्या दुसऱ्या भेटीतही उठण्याआधी तेच: अजून कोणाला भेटू?