कोरड्या, नाजूक चेहऱ्यासाठी क्रीम घेताना ट्यूब उलटी करून वाचा

नाशिकला दिवाळी उलटली, निफाडकडून गार वारं यायला लागलं की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं, "ताई, चेहरा नुसता ओढतोय, काहीतरी सौम्य द्या." मी फार्मसिस्ट आहे आणि माझीही त्वचा याच जातीची, जरा काही लावलं की गाल लाल. ट्यूब हातात दिली की बहुतेक जण आधी झाकण उघडून वास घेतात. वास आवडला की पैसे काढतात. अशा त्वचेला सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या गोष्टींत सुवास अगदी वरच्या नंबरावर आहे, म्हणून माझा पहिला आग्रह हाच: वासावरून क्रीम निवडू नका.

ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं, म्हणजे घटकांची यादी, वाचा. दिसत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. 'फ्रेग्रन्स' किंवा 'पर्फ्यूम' दिसलं की ती ट्यूब परत ठेवा. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल ही नावं म्हणजेही सुवासच. लव्हेंडर किंवा संत्र्याच्या सालीचं तेल 'नॅचरल' म्हणून घातलेलं असलं तरी त्वचेसाठी तो सुवासच, त्रास देऊ शकतो. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्ये कधीकधी मूळ वास झाकायला दुसरा सुवास घातलेला असतो, त्यामुळे 'फ्रेग्रन्स फ्री' हेच शब्द शोधा आणि तरीही यादी वाचाच.

यादीत जे जास्त प्रमाणात आहे ते आधी येतं. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण एक टक्क्यापर्यंतच वापरतात, तेव्हा त्याच्यानंतर जे लिहिलंय ते बहुधा चिमूटभरच. पुढच्या बाजूला कोरफडीचं भलंमोठं चित्र आणि कोरफड फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे, असं असेल तर त्या चित्राचे पैसे देऊ नका. ग्लिसरीन पहिल्या चार-पाचात हवं, ते पाणी धरून ठेवतं. सोबत पेट्रोलॅटम, डायमेथिकोन किंवा शिया बटर हवं, म्हणजे धरलेलं पाणी उडून जात नाही. सेरामाइड, म्हणजे त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ, असेल तर उत्तम. ते थोड्या प्रमाणातही काम करतं, त्यामुळे यादीत खाली दिसलं तरी चालेल.

'अल्कोहोल' हा शब्द बघून पुष्कळ जण घाबरतात. सिटाइल, स्टिअरिल, सिटोस्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत, चेहरा मऊ करतात. 'अल्कोहोल डिनॅट', म्हणजे पटकन उडून जाणारं आणि त्वचा कोरडी करणारं अल्कोहोल, वरच्या क्रमांकांत असेल तर तेवढं टाळा. युरिया टाचांच्या भेगांना छान, पण चिरलेल्या गालांवर झोंबतो.

लोशनपेक्षा क्रीम घ्या, आणि डबीपेक्षा ट्यूब किंवा पंप, म्हणजे सारखी बोटं आत जात नाहीत. पहिल्यांदा लहान पॅकच घ्या. तो कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा आठवडा-दहा दिवस लावा. एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे पास, असं समजू नका, कारण अ‍ॅलर्जी उशिरा उठते. त्या दिवसांत नवा फेसवॉश, नवं सीरम काही सुरू करू नका, नाहीतर कशाने लाल झालं ते कळणार नाही.

आणि चेहरा कशाने धुता? अंगाच्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. तो साबण चालूच ठेवलात तर कितीही चांगलं क्रीम पुरं पडणार नाही. डाळीचं पीठ घासणं, लिंबू चोळणं हेही बंद. कोमट पाण्याने धुवा, मऊ पंच्याने टिपा, पुसू नका. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. रात्री नाकपुड्यांच्या कडेला, जिथे पापुद्रे सुटतात तिथे, वरून बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या.

भुवयांत आणि नाकाच्या बाजूला पिवळसर, तेलकट कोंडा सुटत असेल तर तो निव्वळ कोरडेपणा नसावा. त्यावर तेल चोळलं तर वाढू शकतो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

एका गोष्टीबद्दल मी काउंटरवर हात जोडून सांगते. शेजारणीने दिलेलं, 'दोन दिवसांत चेहरा साफ' करणारं क्रीम लावू नका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. ट्यूबवर बहुधा लाल रेघ असते. लालसरपणा पटकन जातो म्हणून लोक महिनोन्‌महिने लावतात. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. आधीच लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका. आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा.