पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांच्या फाइली कुठे ठेवाव्यात?

लिनक्स सर्व्हरच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी आधी एकच सवय लावून घ्यायला सांगतो: सेवेच्या कोणत्याही फाइलची जागा ठरवण्यापूर्वी ती फाइल किती काळ टिकायला हवी आणि तिच्यात कोण लिहिणार, याचा विचार करावा. माणसाने लिहायची कॉन्फिगरेशन फाइल /एटसीमध्ये, सेवेने जपायचा डेटा /व्हार/लिबमध्ये, लॉग /व्हार/लॉगमध्ये आणि पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक नोंदवणारी फाइल) व सॉकेट (प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलण्याचे दार) /रनमध्ये, ही विभागणी फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्डने घालून दिली आहे.

नवख्यांची सर्वाधिक दमछाक /रनपायी होते. ही डिरेक्टरी मेमरीत असते आणि दर बूटला रिकामी होते. कोणीतरी रूट (सर्व हक्क असलेला युजर) म्हणून तिच्यात सेवेच्या नावाची उपडिरेक्टरी हाताने तयार करतो, मालकी बदलतो आणि सेवा कित्येक महिने सुरळीत चालते. मग कर्नल अपडेटनंतर मशीन रीबूट होते, ती उपडिरेक्टरी नाहीशी होते, साध्या युजरच्या हक्काने चालणाऱ्या सेवेला ती पुन्हा तयार करता येत नाही आणि सगळे जण दोष मात्र अपडेटमध्ये शोधत बसतात. यावर खात्रीचा उपाय म्हणजे युनिट फाइलमध्ये, म्हणजे सेवा कशी चालवायची हे सिस्टमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमला) सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहिणे. मग सिस्टमडी दर वेळी योग्य मालकीची डिरेक्टरी स्वतःच तयार करते. डेटा आणि लॉग यांच्यासाठीही ‘स्टेटडिरेक्टरी’ व ‘लॉग्जडिरेक्टरी’ आहेत. असा बदल केल्यावर नुसत्या रीस्टार्टवर विसंबू नये, चाचणीचे मशीन रीबूट करूनच पाहावे.

हाताने चालवला की चालणारा आणि सेवा म्हणून मात्र कोसळणारा प्रोग्रॅम बहुधा सापेक्ष (चालू डिरेक्टरीपासून मोजलेले) पाथ वापरत असतो, कारण सिस्टमडी सिस्टीम सेवांना मुळात रूट डिरेक्टरीतूनच (/) सुरू करते. पूर्ण पाथ लिहावेत.

पीआयडी फाइलचा पाथ प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशनमध्ये, युनिट फाइलमध्ये आणि अनेकदा लॉगरोटेटच्या (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टमध्येही असतो. ‘फोर्किंग’ प्रकारच्या (स्वतःहून पार्श्वभूमीत जाणाऱ्या) सेवेत पहिले दोन जुळले नाहीत, तर सिस्टमडी फाइलची वाट पाहत राहते आणि मुदत संपली की, जी एरवी ९० सेकंदांची असते, चांगली चाललेली प्रोसेसही बंद करते. तिसरा चुकला तर लॉगचे नाव बदलल्याचा सिग्नल प्रोसेसपर्यंत पोहोचत नाही आणि ती जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहते. पुढे ती फाइल डिलीट झाली तरी डिस्कवरची जागा सुटत नाही. म्हणून प्रोग्रॅम फोरग्राउंडमध्ये (स्वतः पार्श्वभूमीत न जाता) चालू शकत असेल, तर तसाच चालवावा आणि पीआयडी फाइल शक्य तिथे टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॅकेजसोबत आलेली युनिट फाइल थेट बदलू नये, कारण पुढच्या अपडेटमध्ये तो बदल पुसला जातो. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ या कमांडने केलेला बदल /एटसीखाली वेगळा राहतो. एसईलिनक्स (फाइलींवरच्या लेबलांनुसार प्रवेश ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) चालू असलेल्या मशीनवर डेटा नव्या जागी हलवला, तर मालकी आणि परवानग्या बरोबर असूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी परवानग्या सैल करत न बसता ऑडिट लॉग वाचावा आणि त्या जागेला योग्य लेबल द्यावे.